आधी सातबारा, मग निविदा

प्रति,
नाशिक महानगरपालिकेचे सर्व सन्माननीय सदस्य आणि आयुक्त,
तसेच नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या न्यायालयात गेली सव्वीस वर्षं दिवाणी दावे चालवते. वाटणी, वहिवाट, बांधाचे वाद, भूसंपादनाचा मोबदला. पक्षकार कागदांची पिशवी टेबलावर रिकामी करतात तेव्हा त्यातून पहिल्यांदा सातबाराच बाहेर पडतो. हे पत्र त्याच कामाच्या अनुभवातून लिहिते आहे. कोणत्या पक्षाच्या बाजूनं किंवा विरोधात नाही.

माझं मागणं एकच आहे. ज्या जमिनीवर काम करायचं, ती जमीन कायद्यानं पूर्णपणे हातात आल्याशिवाय त्या कामाचा कार्यारंभ आदेश कोणालाही देऊ नका. शहराभोवतीचा परिक्रमा मार्ग असो, तपोवनातली साधुग्रामाची, म्हणजे कुंभात साधूंच्या मुक्कामाची सोय असो, नाहीतर एखाद्या प्रभागातला विकास आराखड्यातला साठ फुटी डीपी रस्ता असो.

हे इतकं आग्रहानं का सांगते, त्यासाठी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. २००९ साली आमच्या शिवारातून जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं. काम कोणत्या यंत्रणेचं होतं ते इथं लिहीत नाही. त्या माणसांपैकी बरेचसे निवृत्त झालेत, आणि मला दोष द्यायचा आहे तो पद्धतीला. संयुक्त मोजणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाली. द्राक्षबाग ज्यांनी केली आहे त्यांना कळेल मी काय म्हणते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते. मांडवावर नुसत्या काड्या, पान नाही, घडाचा तर प्रश्नच नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘द्राक्षवेली, फळ नाही’. वडील म्हणाले, अहो, फळ फेब्रुवारीत बघायला या. मोजणीला आलेला माणूस सज्जन होता. म्हणाला, “काका, डोळ्यांना दिसतं तेवढंच मी लिहू शकतो.” त्या तीन शब्दांनी आमच्या बागेच्या मोबदल्याचा निकाल तिथंच लागला.

जूनमध्ये खडीचे डंपर आले. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, जाहीर झालेला नव्हता, एक रुपया कोणाला मिळाला नव्हता, पण ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश होता. कामावरचा अभियंता माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. वडील आणि काका डंपरसमोर उभे राहिले, तेव्हा तो पोरगा अक्षरशः हात जोडून म्हणाला, “काका, मुदत नऊ महिन्यांची आहे. मी थांबलो तर मला रोजचा दंड लागतो.” वडील म्हणाले, “आणि मी हललो तर माझी विहीर जाते.” दोघंही खरं बोलत होते. एकाच्या हातात सही-शिक्क्याचा करार होता, दुसऱ्याची ती पिढीजात जमीन होती. दोघांना एकमेकांसमोर उभं करणारा मात्र तिथं नव्हता.

इतक्यावर थांबलं असतं तरी बरं. सातबारावर अजून आजोबांचंच नाव होतं. आजोबा १९८७ साली वारले. त्यांच्या नावापुढे जुन्या पद्धतीनं ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वारसनोंद कोणी लावलीच नव्हती. माझ्या दोन आत्यांची नावं कुठल्याच रकान्यात नव्हती. मोबदल्याची यादी लागली ती वडिलांच्या आणि काकांच्या नावानं, आणि सुरतेला दिलेल्या थोरल्या आत्याच्या मुलानं हरकत घेतली. गावात सगळे त्याला बोल लावत होते. मी वकील. वडिलांनी मला विचारलं, तेव्हा मी त्यांच्याच अंगणात बसून सांगितलं, की आत्याचा मुलगा चुकलेला नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती बाजूला ठेवली, तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंही आजोबांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा होता. वडील माझ्याशी चार महिने बोलले नाहीत.

मोबदला न्यायालयात अडकला. आमच्या शेतासमोरचा एकशे साठ मीटरचा तुकडा तसाच राहिला. दोन्हीकडून डांबरी रस्ता यायचा आणि आमच्या बांधाशी येऊन चिखलात उतरायचा. असं सहा वर्षं चाललं. त्या ठेकेदारानं यंत्रं पडून राहिल्याची भरपाई लवादाकडे मागितली आणि ती त्याला मिळाली, कारण जागा देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी होती. आम्हाला मोबदला व्याजासह द्यावा लागला. उरलेल्या तुकड्याची पुन्हा नवी निविदा निघाली, ती अर्थात नव्या दरसूचीनं. एकशे साठ मीटरसाठी सरकारी तिजोरीतून तीन वाटांनी पैसे गेले. माझी विधवा थोरली आत्या तिच्या हिश्श्याची रक्कम हातात पडायच्या आदल्या वर्षी गेली.

आता नाशिककडे येते.

कुंभमेळ्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. घाई आहे, आणि ती खरी आहे, हे मला मान्य आहे. लाखोंच्या संख्येनं माणसं येणार, रस्ते लागणार, पूल लागणार. २००३ च्या कुंभात अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तो दिवस मी या शहरात असताना पाहिला आहे. रस्त्यांना विरोध करणाऱ्यांतली मी नाही.

पण घाई आणि आणीबाणी यांत कायदा फरक करतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तातडीचं कलम आहे, कलम ४०. ते लागू होतं संरक्षणासाठी, राष्ट्रीय सुरक्षेसाठी, नैसर्गिक आपत्तीत, किंवा संसदेनं मान्य केलेल्या एखाद्या आणीबाणीत. सिंहस्थ त्यात बसत नाही, आणि बसू नये. गुरू सिंह राशीत केव्हा जाणार हे पंचांगकर्त्यांना कितीतरी वर्षं आधी माहीत असतं. बारा वर्षांनी येणारी गोष्ट शेवटच्या दीड वर्षात तातडीची होते, ती आधीची दहा वर्षं आपण हलत नाही म्हणून. त्या न हलण्याची किंमत आडगावच्या, मखमलाबादच्या, पिंपळगाव रस्त्याकडच्या शेतकऱ्यानं का भरायची?

त्याच कायद्याचं कलम ३८ तुमच्या प्रत्येक अभियंत्याच्या टेबलावर चिकटवून ठेवायला हवं. जमिनीचा ताबा घ्यायचा तो मोबदला पूर्ण दिल्यावर किंवा देऊ केल्यावर. त्याआधी नाही. ‘आगाऊ ताबा’ नावाचा जो कागद सगळीकडे फिरतो, त्यावर सही करणाऱ्या म्हाताऱ्याला काय सांगितलं जातं हे मी अनेकदा ऐकलं आहे. “सही करा, पैसे पाठोपाठ येतीलच.” संमतीनं, समजून-उमजून दिलेला ताबा वेगळा. दारात जेसीबी उभा असताना घेतलेल्या सहीला मी संमती म्हणत नाही, आणि न्यायालयंही सहसा म्हणत नाहीत.

मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिला नाही, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो गेला, हे खरं. पण घटनेचं कलम ३००-अ आहे: कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्या एका ओळीच्या कलमात काय काय भरलेलं आहे ते उलगडून सांगितलं. मालकाला नोटीस मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, निर्णयाची कारणं दिली पाहिजेत, हेतू सार्वजनिकच हवा, मोबदला रास्त हवा, सगळी प्रक्रिया वेळेत व्हायला हवी आणि ती शेवटास जायला हवी. शेवटच्या मुद्द्यावर मी तुमचं विशेष लक्ष वेधते. प्रक्रिया अर्धवट टांगून ठेवणं हाही हक्काचा भंग आहे. ते प्रकरण एका महानगरपालिकेचंच होतं, त्यामुळे नाशिकनं ते आपलंच समजून वाचावं.

आणि हिमाचल प्रदेशातल्या विद्यादेवींचं प्रकरणही वाचावं. अक्षरओळख नसलेली विधवा बाई. त्यांची जमीन १९६७-६८ च्या सुमाराला रस्त्यासाठी घेतली, मोबदला दिलाच नाही. कित्येक वर्षांनी त्या न्यायालयात गेल्या तेव्हा सरकारचा एक बचाव असा होता, की इतकी वर्षं जागा आमच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रतिकूल ताब्यानं ती आमची झाली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर असा दावा सांगता येणार नाही. बाईंचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं.

कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गाडी अडते ती इथंच. तुमच्या नगररचना आणि मिळकत विभागात हुशार माणसं आहेत, पण सातबारा ‘पाहणं’ आणि ‘वाचणं’ यांत अंतर आहे. सातबारा हा मालकीचा दाखला नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरायची, ती उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते खरेदीखतातून, वाटणीतून, वारशातून, मृत्युपत्रातून. सातबारा या सगळ्यांची सावली आहे, आणि सावली कधी लांब असते, कधी आखूड.

भोगवटादाराचं नाव बघून पुढं जाऊ नका. वर्ग १, म्हणजे विकायला मोकळी, आहे की वर्ग २, म्हणजे विकायला परवानगी लागणारी? वर्ग २ असेल तर नवीन शर्त, कूळकायद्याची अट, इनामाचा इतिहास असं काहीतरी मागे उभं असतं. ‘इतर हक्क’ हा रकाना सर्वांत शेवटी असतो आणि सर्वांत आधी वाचायचा असतो. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, विहिरीतला चौथा हिस्सा, कुळाचं नाव, आणि पुष्कळदा बहिणींची नावं तिथंच ढकलून दिलेली असतात. मग त्या नावांमागचे फेरफार, म्हणजे सातबारावरच्या बदलांच्या नोंदी, काढायचे, हस्तलिखित जुने सुद्धा. शहराच्या हद्दीत भूमापन झालेलं असेल तर मालमत्ता पत्रक काय म्हणतं ते बघायचं, आणि दोन्ही कागद दोन वेगळी नावं सांगत असतील तर तिथंच थांबायचं.

बहिणींचा मुद्दा मी पुन्हा काढते, कारण यापुढचे निम्मे दावे तिथून येणार आहेत. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानं आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असोत वा नसोत. आपल्याकडे भाऊ म्हणतात, ताईनं हक्क सोडलाय. कागद कुठंय? तर कागद नाही, राखीपौर्णिमेला तोंडी झालेलं बोलणं आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर ताईचा हिस्सा तिचाच. खासगी वाटाघाटीनं थेट खरेदी करताना पालिका दोन भावांच्या सह्या घेते आणि कुठल्यातरी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देते, चौदा दिवसांत हरकत घ्या म्हणून. कल्याणला राहणारी, घरकाम करून पोट भरणारी बहीण ते वर्तमानपत्र कधी उघडणार? तिला पोस्टानं नोटीस पाठवा. गावच्या पोलीस पाटलाकडे तिचा पत्ता असतो.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांची अवस्था तर याहून बिकट. तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचं खरेदीखत नोंदवता येत नव्हतं, म्हणून माणसांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीपुढे, साठेखत आणि मुखत्यारपत्र करून घरं बांधली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. अशी घरं नियमित करून देणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत पुढं वाढवली, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी मिळाली, पण नियमित करून घेतलेली घरं थोडी. अशा घरावरून रस्ता गेला तर सातबारावर नाव मूळ मालकाचं असतं, म्हणून मोबदलाही त्याच्याच खात्यात जातो. ज्यानं पंधरा वर्षं घरपट्टी भरली तो पावत्यांची फाईल घेऊन माझ्याकडे येतो. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगणं मला आजही जमत नाही. निदान संयुक्त मोजणीच्या वेळी प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव पंचनाम्यात लिहा, बांधकामाचं मूल्यांकन त्याच्या नावे वेगळं करा. २०१३ चा कायदा जमिनीच्या मालकाखेरीज इतर हितसंबंधितांनाही ओळखतो.

निविदेचा भाग आता सांगते, कारण काहींना वाटेल की मालकीचं हे गाऱ्हाणं वेगळं आणि खरेदी-निविदा वेगळी.

ती वेगळी नाहीत. सार्वजनिक बांधकामाच्या नियमपुस्तिकेतली जुनी शिस्त हीच आहे, की जागा रीतसर ताब्यात आल्याखेरीज काम सुरू करायचं नाही. ती शिस्त ज्यांनी घातली त्यांना शेतकऱ्याचं दुःख दिसत होतं की नाही कोणास ठाऊक, तिजोरीचं नुकसान मात्र नक्की दिसत होतं. जागा नसताना निविदा काढली की काय होतं ते बघा. जो ठेकेदार नीट हिशेब करतो तो जोखीम धरून दर चढा भरतो, किंवा निविदा भरतच नाही. भरतो तो, ज्याला माहीत असतं की जागा मिळणार नाही, मुदतवाढ मिळेल, भाववाढीचं कलम लागू होईल आणि बाबी वाढतील. म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा कागदावरच कमी राहते. स्थायी समितीपुढे विषय येतो तेव्हा तुमच्यासमोर फक्त दर असतो. त्या दराखाली किती गटांचा ताबा मिळालेला नाही, हे विषयपत्रिकेत लिहिलेलं नसतं.

केंद्रानं २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते पुढे व्यपगत झालं. तमिळनाडूनं १९९८ ला आणि कर्नाटकानं १९९९ ला निविदा पारदर्शकतेचे कायदे केले. आपल्याकडे मात्र १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे, ई-निविदेचं संकेतस्थळ आहे आणि शासन निर्णयांचा ढीग आहे. शासन निर्णय मोडला म्हणून सामान्य नागरिकानं कुठं जायचं? उच्च न्यायालयात रिट. तिथंही १९९४ च्या टाटा सेल्युलरच्या निकालापासून न्यायालयं निविदेच्या निर्णयात जपून हात घालतात, आणि पायाभूत प्रकल्पांना स्थगिती देताना तर अधिकच जपून. ते एका अर्थी योग्यही आहे. पण मग तपासणीचा भार तुमच्यावर येतो. न्यायालय थांबवणार नाही म्हणून आपण पुढं जायचं, असा त्याचा अर्थ काढू नका.

मुंबईच्या विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहाराची दुकानं चालवायची निविदा होती. अट अशी की निविदा भरणारा नोंदणीकृत, पाच वर्षांचा अनुभव असलेला हवा. अट न पुरवणाऱ्यालाच काम दिलं गेलं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सरकारी यंत्रणेनं स्वतः घातलेली अट तिलाही बांधते. एवढ्याशा उपाहारगृहावरून आलेला हा नियम आज देशभरातल्या निविदांना लागू आहे. तुम्ही निविदेत ‘जागा उपलब्ध आहे’ असं लिहिता, तेव्हा तेही तुम्हाला बांधतं. म्हणून ते खरं असेल तरच लिहा.

चार वर्षांच्या आसपास या पालिकेत निवडून आलेलं सभागृह नव्हतं. मार्च २०२२ नंतर प्रशासकांनी कारभार पाहिला, निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. तुम्ही एकशे बावीस जण आता आहात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ मधल्या आयुक्तांच्या तातडीच्या अधिकारात किती कामं झाली, कोणत्या भूसंपादनाचे पैसे आधी गेले, कोणाचे मागे राहिले, याची यादी मागणं हा तुमचा अधिकार आहे. मोबदल्याचा क्रम कोण ठरवतं, हा प्रश्न माझ्या पक्षकारांच्या तोंडी सतत असतो. वीस वर्षांपूर्वी रस्त्यात जमीन दिलेला माणूस रांगेत उभा असतो आणि मागून आलेल्याची फाईल पुढं सरकते, असं त्याला दिसतं. त्याचा समज चुकीचा असेलही. क्रम संकेतस्थळावर लावा, ताबा दिल्याच्या तारखेप्रमाणे. मग समज-गैरसमजाला जागाच उरणार नाही.

विकास आराखड्यातल्या आरक्षणात जमीन अडकलेल्यांबद्दल दोन वाक्यं. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली दहा वर्षं वाट पाहून मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर थांबायची मुदत आधी सहा महिने होती, २००९ ला बारा झाली, २०१५ ला चोवीस. म्हणजे मालकाला बारा वर्षं जागा धड विकता येत नाही, बांधता येत नाही, कर्जही सहज मिळत नाही. एवढी मुदत मिळूनही निर्णय होत नसेल तर आरक्षण सोडून द्यावं, नोटिशीची वाट पाहू नये.

तपोवनाचं मला वेगळं सांगायचं आहे. साधुग्रामासाठी पालिकेच्या मालकीची जागा पुरत नाही, बरीच जमीन शेतकऱ्यांकडून कुंभापुरती घ्यावी लागते. ती परत द्यायची असते. काळ्या मातीवर मुरूम अंथरला, त्यावर रोलर फिरवला, शौचालयांच्या टाक्या खोदल्या, की मेळा संपल्यावर ती जमीन ‘जशी होती तशी’ होत नाही. २०१३ च्या कायद्यात तात्पुरत्या ताब्याची मर्यादा तीन वर्षांची आहे आणि नुकसानीची भरपाईही त्यात आहे. पण शेतकऱ्याला पैशांपेक्षा माती हवी असते. माझी सूचना साधी आहे. सपाटीकरणाच्या त्याच निविदेत, त्याच बाबींच्या तक्त्यात, वरची एक फूट माती बाजूला काढून ठेवणं आणि मेळ्यानंतर मुरूम उचलून ती परत पसरवणं ही बाब घाला. त्या बाबीचं देयक आणि सुरक्षा अनामत, शेतकऱ्यानं जमीन बघून सही केल्याशिवाय सोडू नका. एवढं केलं तर पुढच्या सिंहस्थाला तोच शेतकरी स्वतःहून जमीन देईल. तिथली झाडं हा असाच विषय आहे. झाडांवरून लोक रस्त्यावर आले, कारण त्यांना निविदा आधी दिसली आणि विचारणा नंतर झाली.

जमीन घेतल्यावर ती पालिकेच्या नावावर लावायची, हेही राहून जातं. पैसे दिले, किंवा पैशांऐवजी विकास हक्क प्रमाणपत्र (टीडीआर) दिलं, रस्ता झाला, आणि सातबारावर जुन्या मालकाचं नाव तसंच. वीस वर्षांनी त्याच्या नातवानं ती जागा विकली म्हणून माझ्याकडे खरेदीदार आलेला आहे. डांबरी रस्ता विकत घेतलेला माणूस! त्यात नातवाचा लबाडपणा थोडा असेल, पण फेरफार वेळेवर लागला असता तर व्यवहारच झाला नसता. अंतिम देयकाला फेरफार क्रमांक जोडल्याशिवाय लेखा विभागानं ते पास करू नये. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचं एक परिपत्रक पुरे.

आणि मी वर जे मागितलं, त्यालाही एका ठरावापेक्षा जास्त काही लागत नाही. प्रत्येक कामाच्या निविदा सूचनेसोबत एक तक्ता लावा. गट क्रमांक, क्षेत्र, सातबारावरची नावं, मोबदला दिल्याची तारीख, ताबापावतीची तारीख, दावा असेल तर त्याचा क्रमांक. जिथं रकाना रिकामा आहे तिथं ते काम निविदेतून वगळा, किंवा रस्त्याचे टप्पे असे पाडा की मिळालेली जागा सलग राहील. शहर अभियंता आणि मिळकत विभाग यांची त्यावर एकत्र सही असावी. माहिती अधिकाराच्या कलम ४ नं अशी माहिती कोणी मागायच्या आधीच जाहीर करायला सांगितलेली आहे, तेव्हा हा तक्ता उपकार म्हणून नको.

वारसनोंदीचं काम राज्यानं एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत घेतलं आहे. रस्त्यात जाणाऱ्या गटांपुरतं तरी ते आधी उरका. परिक्रमा मार्गाच्या एकेका गावात चावडीवर दोन दिवस शिबिर घ्या, आणि बहिणींना पत्र पाठवून बोलवा. येण्या-जाण्याचं भाडं द्या. मोजणी द्राक्षाच्या गावात एप्रिलमध्ये करू नका. करावीच लागली तर मागच्या हंगामाच्या विक्रीपावत्या आणि बागेचे फोटो पंचनाम्याला जोडून घ्या. ‘द्राक्षवेली, फळ नाही’ या तीन शब्दांऐवजी ‘खरड छाटणी झालेली, वेल सात वर्षांची, फळ फेब्रुवारीत’ असं लिहायला चार मिनिटं जास्त लागतील.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आम्हाला न्यायालय नसतं. मी आणि माझ्यासोबतचे तीन तरुण वकील त्या दिवशी तुमच्या कोणत्याही शिबिरात कागद वाचायला येऊ. फी नको. एक टेबल, फेरफाराच्या नकला आणि गावातलं जुनं माहीत असलेलं एखादं माणूस एवढं असलं की पुरे. पहिलं गाव कोणतं आणि तारीख कोणती, ते कळवावं.

आपली,
नाशिकची एक दिवाणी वकील